लेखकाचे देणे

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या धर्मग्रामात नाताळचे नाटक ही साऱ्या वर्षाची हौस. नंदुरबार जिल्ह्यात सोंगाड्या पार्टीची रात्रभर चालणारी सोंगे पाहत वाढलेल्या तरुणांना अभिनय शिकवावा लागत नाही. संहिता मात्र शोधावी लागते.

दोन वर्षांपूर्वी प्रार्थनामंदिराच्या छपरासाठी निधी हवा होता. आम्ही एका छापील एकांकिकेच्या झेरॉक्स प्रती काढल्या, तिकीट लावले. प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी घ्यावी, अशी सूचना पहिल्याच पानावर होती. आम्ही ती वाचली आणि पान उलटले. शेवट उदास वाटला, म्हणून क्षमेचा एक प्रसंग स्वतःच लिहून जोडला. पत्रिकेवर लेखकाचे नाव राहून गेले; दिग्दर्शक म्हणून आमचे मात्र ठळक छापले गेले.

प्रयोगानंतर एका शिक्षिकेने हळूच विचारले, "फादर, लेखकांना कळवले होते ना?"

आम्ही कायद्याचा आधार शोधू लागलो, आणि तो सापडलाही. हौशी मंडळाने धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 52 वे कलम हक्कभंग मानत नाही. क्षणभर हायसे वाटले. परंतु ही सूट प्रयोगापुरती. झेरॉक्स प्रतींना ती नव्हती. स्वतःच्या नावाचा आणि लौकिकाला बाधक मोडतोड रोखण्याचा अधिकार तर 57 व्या कलमाने लेखकाकडेच ठेवला आहे. गडकरी 1919 साली निवर्तले. त्यांची नाटके आज सर्वांना खुली आहेत. अत्रे 1969 साली गेले. मृत्यूनंतर 60 वर्षे या नियमाने त्यांच्या नाटकांचे हक्क 2029 अखेरपर्यंत राखीव आहेत. आमचे लेखक तर हयात होते!

सातव्या आज्ञेवर आम्ही कितीदा प्रवचन केले असेल! शेतातली कणसे, दुकानातली उधारी, मजुराची थकलेली मजुरी, सारे त्यात आले. दुसऱ्याने रात्री जागून लिहिलेले शब्द मात्र कधी आले नाहीत.

आम्ही लेखकांना सारे कबूल करणारे पत्र लिहिले, सोबत मानधनाचा धनादेश जोडला. त्यांनी धनादेश परत पाठवला. छपरासाठी तो ठेवावा, मात्र पुढच्या प्रयोगात आपले नाव आणि आपला शेवट तेवढा परत करावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

गेल्या नाताळात तीच एकांकिका त्यांच्या शेवटासह पुन्हा केली. पडदा पडला तेव्हा मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. बायाबापड्या डोळे पुसत होत्या. क्षमेचा आमचा प्रसंग तिथे कोणालाच आठवला नाही.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामात नाटक बसवाल तेव्हा तालमीआधी लेखकाला चार ओळी लिहा. कायदा सोडून देईल तिथेही देणे उरते.