सरकी आणि मावल्याचा तलाव

2016 च्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि त्याच कापसाच्या हंगामात सरकी घरी आली. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. आवारात सरकीचा ढीग पडलेला, त्यात उबेला कुत्र्याचं एक पिल्लू घुसून बसलं होतं. इकडची थंडी तेलंगणात नावाजलेली. पारा कधीकधी पाच-सहा अंशांवर उतरतो. बाबांनी पिल्लू पिशवीत घालून आणलं. मिश्यांत, कानांत कापसाचे तंतू अडकलेले. नाव शोधावंच लागलं नाही.

जात गावठी, रंग मातकट, उजवा कान कायम दुमडलेला. घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दखनी. तिला तिन्ही कळायच्या. शेजारच्या अक्का ‘इटु रा’ म्हणाल्या की शेपूट हलवत जायची, पण दिलेला तुकडा आमच्याच उंबऱ्यात आणून खायची. पोळ्याला बैल सजून निघाले की घुंगरांच्या आवाजाने अस्वस्थ व्हायची आणि आईच्या पायांशी जाऊन बसायची.

तिचं खरं मन रमायचं ते मावल्याच्या तलावावर. नागपूर-हैदराबाद हमरस्त्याला लागून, शहराच्या दक्षिणेला हा तलाव. एके काळी आदिलाबादला पिण्याचं पाणी इथूनच यायचं. जवळ वनखात्याचं हरितवनम् उद्यान आहे, सुटीच्या दिवशी तिथे पोराबाळांची गर्दी उसळते. आम्ही बांधाच्या बाजूने जायचो, उजाडता उजाडता. हिवाळ्यात उथळ पाण्यात शेकाटे लांब तांबड्या पायांवर चरताना दिसायचे, काठाला धोबी शेपटी हलवत धावायचे, वारकरी पक्ष्यांचा काळा घोळका मध्यावर तरंगायचा. सरकी कान टवकारून बघायची. तिने भुंकून एकदाही पाखरं उडवली नाहीत. हा तिचा स्वभाव होता, माझी शिकवण नव्हे.

उन्हाळ्यात पाणी आटलं की काठाची जमीन उघडी पडे आणि तिथे टिटव्या अंडी घालत. घरटं म्हणजे नुसता खळगा, कडेने चार खडे. अंडीही खड्यांच्याच रंगाची, माणसाचा पाय पडला तरी कळणार नाही. कुत्र्याच्या नाकाला मात्र ती लपत नाहीत. म्हणून तिथे सरकीचा पट्टा मी कधीच सोडला नाही. एका सकाळी ती अचानक थांबली, पुढचा एक पाय उचललेला. समोर टिटवी पाण्यात उतरून पोट बुडवत होती. पिसं चिंब झाली तशी ती तुरुतुरु चालत खळग्याशी आली आणि अंड्यांवर बसली. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात अंडी उकडून जाऊ नयेत म्हणून हा पक्षी पोटाच्या पिसांतून पाणी आणून ती गार ठेवतो. पुस्तकात वाचलं होतं; पाहिलं ते सरकी थांबली म्हणून. एरवी मी सरळ पुढे गेलो असतो. टिटवी उंचावर अंडी घालील तर पाऊस दमदार, असं आमच्याकडचे शेतकरी म्हणतात. त्या पक्ष्याकडे इतकं लक्ष देणारी माणसं अजून आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तलावाचं पाणी मात्र तिला पिऊ देत नसे. साचलेल्या पाण्यात उंदराच्या लघवीतून लेप्टोचा रोग येतो. त्याची लस कुत्र्याला दरवर्षी द्यावी लागते, रेबीजचीही. गोचिडांसाठी अंग रोज चाचपावं लागतं. सरकी त्यासाठी आपण होऊन उताणी पडे.

शेवटी तिची मूत्रपिंडं थकली. चालवेना, तरी पहाटे दाराशी जाऊन बसायची. मग आम्ही तिला स्कूटरवर पुढे उभी करून बांधापर्यंत नेत असू. तिथे ती वाऱ्याकडे नाक करून बसे. गेल्या थंडीत ती घरातच, आईच्या पायांशी गेली.

बांधावर आता बरेच जण कुत्री घेऊन येतात, आणि ते मला मनापासून आवडतं. त्यांना एकच विनंती आहे: मार्च ते पाऊस स्थिरावेपर्यंत काठाच्या उघड्या जमिनीवर पट्टा सोडू नका. टिटवीची अंडी उबायला चार आठवडे लागतात, आणि पिल्लं उडायला लागेपर्यंत त्याच जमिनीवर वावरतात.