वरपित्याचे चार शब्द

गेल्या वैशाखांत आमच्या चिरंजीवांचें लग्न धाराशिवास झालें. त्याआधीं पंधरा दिवस त्यानें हळूच विषय काढला, "बाबा, अक्षता पडल्यावर तुम्ही चार शब्द बोला. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं वरपिता बोलतो."

आमचा सारा जन्म शिकविण्यांत गेला. चार शब्दांचें भय तें काय? रात्रीं जेवणें आटोपल्यावर लिहावयास बसलों, तों एका बैठकींत तीन पानें झालीं! त्यांत घराण्याचा पूर्वेतिहास होता, कुलस्वामिनी तुळजाभवानीची कृपा होती, चिरंजीवांच्या पदव्या होत्या, आणि १९४८ पूर्वींच्या निजामी अमलांत आमच्या आजोबांनीं सोसलेले हालही होते.

दुसरे दिवशीं तें भाषण सौभाग्यवतीस वाचून दाखविलें. तेरच्या गोरोबाकाकांनीं संतांच्या डोक्यांवर थापटणें मारून कच्चें मडकें कोणतें तें ओळखलें, ही कथा आमच्या जिल्ह्यांत लहान मुलासही ठाऊक असते. तोच प्रसंग आमच्यावर आला. सारें ऐकून घेऊन ती म्हणाली, "छान आहे. पण अहो, ह्यांत सूनबाई कोठें आहे? तिचे आईवडील कोठें आहेत?" मग क्षणभर थांबून म्हणाली, "आपल्या लग्नांत माझे अण्णा दिवसभर उभेच होते."

हें एक वाक्य तिनें पस्तीस वर्षांहून अधिक काळ मनांत ठेविलें होतें. आमचें लग्न १९८९ सालचें. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून होताच, आणि आमच्या वडिलांनीं हुंडा घेतला नाहीं ह्याचा आम्हांस केवढा अभिमान! परंतु विहिणीच्या पंगतीस वाढण्यास थोडा उशीर झाला म्हणून आमच्याकडील मंडळी पानांवरून उठली, आणि सासरेबुवा हात जोडून एकेकाची मनधरणी करीत फिरले. आम्ही मुंडावळ्या बांधून तें पाहत राहिलों. चकार शब्द काढला नाहीं.

मन खिन्न झालें. विवाहविधींत वरपित्यानें बोलावयाचें असें कांहीं आहे काय, हें गुरुजींस विचारलें. ते म्हणाले, "आहे तर! वाङ्निश्चयांत कन्येचा पिता आपली कन्या वाणीनें देतो, आणि तुमच्या मुलासाठीं ती मीं स्वीकारली असें वरपिता उत्तर देतो." बस्स, एवढेंच. तेथें वरपित्याकडून घराण्याची स्तुति अपेक्षित नाहीं. स्वीकार अपेक्षित आहे. पुढें धर्म, अर्थ व काम ह्यांत मर्यादा न ओलांडण्याचें वचन, तें 'नातिचरामि', वरानें द्यावयाचें. वचन मुलाचें खरें. पण एकत्र कुटुंबांत पहिली मर्यादा बहुधा आम्ही वडीलधारेच ओलांडतों.

तीं तीन पानें फाडून टाकलीं. लग्नाच्या दिवशीं आधीं व्याही व विहीणबाई ह्यांस शेजारीं बसविलें आणि इतकेंच बोललों: "आपल्या मुलीस आम्हीं शब्दानें स्वीकारलें आहे. तो शब्द आमच्या सर्व घराचा आहे. तिचें माहेर तिच्याबरोबरच आमच्या घरीं आलें असें आम्ही समजतों. आमच्या लग्नांत आम्हीं सासऱ्यांचा मान राखला नाहीं. ते आज नाहींत. म्हणून ती क्षमा सर्वांसमक्ष मागतों." टाळ्या फारशा पडल्या नाहींत. सौभाग्यवतीनें मात्र पदरानें डोळे टिपले.

भाषणाची खरी परीक्षा पंगतींत झाली. वरणभात येण्यास उशीर झाला, आणि आमच्या एका चुलत्यांच्या कपाळावर आठी दिसूं लागली. आम्ही उठलों, तुपाचें भांडें हातीं घेतलें आणि वाढूं लागलों. चुलते कांहींसे वरमले, व्याही धांवत येऊन म्हणाले, "अहो, आपण कशाला?" आम्ही म्हटलें, "आपण बसा. आज उभें राहण्याची पाळी आमची."

ज्यांच्या घरीं येत्या मुहूर्तांवर कार्य असेल, त्यांस आमचें सांगणें एवढेंच: भाषण अवश्य लिहावें, परंतु तें आधीं घरांतील सुनांना वाचून दाखवावें.