उणिवेचे मोल

सापशिडी आपण सर्वांनीच लहानपणी खेळलेली असते. तिचे जुने रूप मोक्षपट. परंपरा त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. त्या पटावर सद्गुण ही शिडी आणि दुर्गुण हा साप. हिशेब सरळ आहे.

गेल्या मे महिन्यात मुंबईची भाचेमंडळी मोरा बंदरातील आमच्या घरी राहावयास आली, तेव्हा मला निराळाच हिशेब पाहावयास मिळाला. एकाने कथा सांगावयाची, इतरांनी एकेक पात्र होऊन तीत वावरावयाचे, असा त्यांचा खेळ. ओहोटीला गाळामुळे लाँच थांबते, तसा हा डावही एकदा बसला की उठत नसे. या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत 1974 साली निघाला. मुलांजवळ होता तो स्टीव्ह जॅक्सन यांचा 1986 सालचा ‘गर्प्स’, त्याच्या 2004 च्या आवृत्तीत.

त्यात पात्राचे सामर्थ्य पॉइंट देऊन घ्यावे लागते. उणीव पत्करली तर उलट पॉइंट मिळतात. धाकट्या भाच्याने शीघ्रकोपाचे 10 पॉइंट घेऊन तलवारबाजी वाढविली. परंतु अपमानाचा प्रसंग आला की तीन फासे टाकावयाचे. बेरीज 12 च्या वर गेली की राग अनावर! अशाच एका रागात त्याने तहासाठी आलेल्या दूतावर शस्त्र उपसले आणि सारे सोबती तुरुंगात पडले. कथा सांगणाऱ्या थोरल्या भाचीने गय केली नाही, हे योग्यच झाले. जिची झळ कधी लागत नाही ती उणीव नव्हे, ती निव्वळ सवलत.

पुढे अनुभवाचे 10 पॉइंट जमले. तेवढ्यात तलवारबाजी आणखी दोन पायऱ्या चढली असती. राग सोडवावयाचा तर घेतलेले सर्व परत द्यावयाचे आणि हाती नवे काहीच नाही. सोबती म्हणाले, “तलवार वाढव.” त्याने राग सोडविला.

त्या पुस्तकात सत्यवचन आणि परोपकार हेही उणिवांच्याच यादीत आहेत: सत्याचे 5, परोपकाराचे 15. प्रथमदर्शनी हे खटकते. परंतु ती यादी पापपुण्याची नाही, बंधनांची आहे. खोटे न बोलणाऱ्याचे हात खरोखरच बांधलेले असतात. परोपकारी माणूस शत्रूलाही वाऱ्यावर सोडू शकत नाही. सद्गुण कोठे नेतो हे मोक्षपट सांगतो. त्याची किंमत किती हे हा खेळ सांगतो. मुलांना दोन्ही ठाऊक असावे.

सुट्टी संपता संपता मधल्या भाचीजवळ 15 पॉइंट साठले होते. तिच्या पात्राचा परोपकार तिने सोडविला नाही.