वाक्यातला कर्ता

व्याकरणाचा तास बहुतेक मुलांना आवडत नाही, हे छत्तीस वर्षे मराठी शिकविल्यामुळे मी चांगले जाणून आहे. कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द फळ्यावर उमटले की मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. तरीही, मुलांनो, आज मी तुमच्याशी कर्त्याविषयीच बोलणार आहे. मात्र हा परीक्षेतला कर्ता नव्हे. आपल्या रोजच्या बोलण्यातून हळूच निसटून जाणारा जो कर्ता, त्याच्याविषयी मला बोलायचे आहे.

आपल्या भाषेत क्रियापदांच्या मोठ्या मौजेच्या जोड्या आहेत. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे, फाटणे आणि फाडणे. 'मी काच फोडली' या वाक्यात फोडणारा कोण, असे विचारले तर उत्तर येते, 'मी'. परंतु 'काच फुटली' या वाक्यात फुटणारी कोण? काच! म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने त्या वाक्याचा कर्ता काचच ठरते. ती बिचारी खिडकीत निमूटपणे बसलेली असते. पण सारा प्रकार जणू तिनेच केला, असा वाक्याचा थाट असतो.

वर्गात अशी वाक्ये किती ऐकू येतात, याची गणती नाही. 'गृहपाठ राहिला', 'वही हरवली', 'उशीर झाला', 'पेपर अवघड गेला'. गृहपाठ आपण होऊन कोठेतरी मागे राहतो, वहीला पाय फुटतात आणि ती निघून जाते. 'मला गणित येत नाही' हे वाक्य तर सर्वांत लाडके. त्यात न येणारे कोण? गणित. जणू काय गणित हा एक रुसलेला पाहुणा आहे आणि आपण दार उघडून त्याची वाट पाहत बसलो आहोत! पुढे कधी गुण चांगले मिळाले, की मात्र वाक्याची तऱ्हा पालटते. 'मी ऐंशी गुण मिळविले' असे म्हणताना कर्ता मान ताठ करून सर्वांच्या पुढे उभा असतो.

2004 साली मी एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक होतो. एके दिवशी मधल्या सुट्टीत सातवीच्या कोणीतरी प्रयोगशाळेच्या खिडकीचे मोठे तावदान फोडले. मी वर्गात गेलो, तेव्हा सगळीकडे कमालीची शांतता होती. शाळेत अशी शांतता असली की समजावे, काहीतरी घडले आहे. मी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली आणि जे घडले ते थोडक्यात लिहावयास सांगितले. नाव घालण्याची सक्ती केली नाही. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच वाक्य होते : 'काच फुटली.' काहींनी 'चेंडू लागला' असे लिहिले होते. एका विद्वानाने तर 'वाऱ्यामुळे चेंडू वळला' असा शोध लावला होता. त्या दिवशी पानही हलत नव्हते.

एका चिठ्ठीवर मात्र नाव होते. ती एका मुलीची चिठ्ठी होती. तिने लिहिले होते, 'चेंडू मी मारला. काच मी फोडली. घरी आत्ता पैसे नाहीत.'

तिची आई दुसऱ्यांच्या शेतावर रोजंदारीने कामाला जात असे, हे मला ठाऊक होते. नवे तावदान बसविण्यास अडीचशे रुपये लागणार होते. मी तिला बोलावून म्हटले, "बाळ, तू खरे सांगितलेस, एवढे पुरे. पैशांचे शाळा पाहील." ती खाली मान घालून उभी राहिली आणि म्हणाली, "नको सर. मी देते. थोडे थोडे देते."

दर महिन्याला ती दहा रुपये आणून देऊ लागली. मीही ते घेत असे व तिला रीतसर पावती देत असे. न घेतले असते, तर तिच्या शब्दाला मी किंमत दिली नाही, असे झाले असते. तिसऱ्या महिन्यात चार मुले मुठीत नाणी घेऊन माझ्या खोलीत आली. "खेळ आमचा सगळ्यांचा होता, सर," त्यांतला एक म्हणाला. त्यांचे पैसे घ्यावयास ती आधी तयार होईना. बरीच हुज्जत झाली, तेव्हा कोठे मान्य झाली. शाळेत टणक चेंडू आणण्यास मनाई होती. तो ज्याने आणला होता, तो मुलगा या चौघांत नव्हता. तो कोण, हे मला तेव्हाच समजले होते. आज तो मोठा झाला आहे, भेटला की नमस्कारही करतो. त्याने ती गोष्ट अद्याप काढलेली नाही, आणि मीही विचारलेले नाही.

तुम्ही म्हणाल, खरे बोलून त्या मुलीला काय मिळाले? खर्चच झाला ना? पण मी पाहिले ते सांगतो. दुसऱ्याच दिवसापासून ती माझ्या खोलीसमोरच्या पटांगणात नेहमीसारखी खेळू लागली. ज्यांनी 'काच फुटली' असे लिहिले होते, ती मुले मात्र कित्येक दिवस माझी खोली टाळून पलीकडच्या जिन्याने ये-जा करीत होती.

अभ्यासाचेही असेच आहे. 'मला गणित येत नाही' असे कोणी म्हणाला, की मी विचारीत असे, "कोणते गणित? कोठपर्यंत येते?" मग तो चाचपडत, आठवीत सांगू लागे आणि शेवटी उत्तर मिळे, 'अपूर्णांकांची बेरीज करताना मी छेद समान करीत नाही.' पाहा, रुसलेला पाहुणा गेला आणि वाक्यात कर्ता आला. शिवाय उपायही त्या वाक्यातच सापडला! 'गणित येत नाही' याला जगातील कोणत्याही शिक्षकापाशी औषध नाही. 'मी छेद समान करीत नाही' याला मात्र अर्ध्या तासाचा सराव पुरतो.

म्हणून माझ्या वर्गात प्रत्येकाने एक चुकांची वही ठेवावी, असा माझा आग्रह असे. डाव्या पानावर आपली चूक जशीच्या तशी लिहावयाची, आणि उजव्या पानावर बरोबर उत्तर व चूक कशामुळे झाली ते. ही वही मी तपासत नसे. ती ज्याची त्याने पाहावयाची. धडा वाचून झाला की पुस्तक मिटावे आणि आठवेल तेवढे लिहून काढावे, असेही मी सांगे. पुन्हा पुन्हा वाचल्याने धडा नुसता ओळखीचा वाटू लागतो. तो आपल्याला आला की नाही, हे पुस्तक मिटल्यावरच कळते. गाईडमधून किंवा हल्लीच्या मोबाईलवरून उत्तर उतरवून घेताना हात तुमचा चालतो खरा, पण त्या उत्तराचा कर्ता दुसराच कोणीतरी असतो.

याचा अर्थ जगातील प्रत्येक गोष्टीचा दोष तुम्ही आपल्या माथी घ्यावा, असा मुळीच नाही. ओढ्याला पूर आला व तुम्ही शाळेत पोहोचला नाहीत, तर तेथे 'पूर आला' हेच खरे वाक्य. कधी तर दुसऱ्यांच्याच निर्णयामुळे आपले नुकसान होते. 1875 च्या सुमारास कोकणातील मुरूड गावचा एक मुलगा परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल पायी चालून साताऱ्यास गेला. तो वयाने लहान दिसतो, या कारणावरून त्याला परीक्षेला बसू दिले नाही! पुढे तो मुलगा 1881 साली मॅट्रिक आणि 1884 साली बी.ए. झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे ते हेच. ही हकीकत त्यांनी आपल्या 'आत्मवृत्ता'त लिहून ठेवली आहे. त्या दिवशी त्यांना कोणी परत पाठविले, हे त्यांनी लपविले नाही. आणि परत आल्यावर पुढचा अभ्यास कोणी करावयाचा, याविषयीही त्यांच्या मनात शंका नव्हती.

कर्ता गाळण्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती मला सर्वांत काळजीची वाटते. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी पाचवीतला एक लहानखुरा मुलगा ओठ सुजलेल्या अवस्थेत वर्गाबाहेर उभा दिसला. "काय झाले रे?" मी विचारले.

"लागले, सर."

"कसे लागले?"

"पडलो."

तो अंगठ्याने जमीन उकरू लागला. मी त्याच्याजवळ पायरीवर बसलो. शिपायाने पाणी आणून दिले, ते तो हळूहळू प्याला. मी काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मला ढकलले."

"कोणी?"

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पटांगणाकडे पाहिले, आणि नाव सांगितले.