गेटवरचा फोन

गोष्ट २००७ ची. हिंजवडीतल्या एका बीपीओत मी नेटवर्क इंजिनीअर होतो. वय चोवीस, गळ्यात आयकार्ड आणि आख्ख्या बिल्डिंगमधले दीडशे फोन माझ्या मुठीत. माज येणारच ना बॉस!

काम काय, तर सर्व्हर रूममधल्या सिस्कोच्या ३८४५ राउटरला सांगायचं, की कोणी कुठे फोन करायचा. अॅडमिनकडून एक्सेल शीट आली होती. व्हीपी: आयएसडी. टीम लीडर: एसटीडी. एक्झिक्युटिव्ह: लोकल. सिक्युरिटी: फक्त इंटर्नल. ऑफिसातली उतरंडच ती, फक्त कॉलममध्ये नीट बसवलेली.

यासाठी राउटरमध्ये एक मस्त फंडा असतो. कॉर, म्हणजे क्लास ऑफ रिस्ट्रिक्शन. प्रत्येक फोनला किल्ल्यांचा जुडगा द्यायचा आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर कुलपं लावायची. वाटेवरच्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या फोनकडे असतील तरच कॉल पुढे जातो. (गंमत म्हणजे, ज्या फोनला जुडगाच दिलेला नाही, त्याला कुठेही जाता येतं! नवशिक्यांची विकेट हमखास इथेच पडते.)

गेटवरच्या फोनला मी एकच किल्ली दिली, इंटर्नलची. १०० आणि १०१ या वाटांना मात्र कुलूपच ठेवलं नाही. शीटमध्ये हे कोणी लिहिलं नव्हतं, मला स्वतःहून सुचलं होतं. मनातल्या मनात पाठही थोपटून घेतली.

दीड महिन्यानंतर, रात्री अडीच वाजता मोबाइल वाजला. यूपीएस रूममधून धूर येत होता. गेटवरच्या काकांनी १०१ लावला, तर नुसतं टूं-टूं-टूं. तीनदा लावला. शेवटी स्वतःच्या मोबाइलवरून फायर ब्रिगेडला कळवलं आणि एक्स्टिंग्विशर घेऊन स्वतःच आत घुसले. बॅटऱ्यांची एक रांग जळाली, माणसांना काही झालं नाही.

पहाटे चार वाजता मी राउटरवर डिबग लावून बसलो. कॉल गेट ओलांडत होता, पीआरआय लाइनवरही जात होता, पण डायल केलेल्या नंबरच्या जागी काहीच नव्हतं. कोरा कागद. एक्स्चेंज तो परत पाठवत होतं.

कारण आठवलं तेव्हा पोटात गोळा आला. हा राउटर फोन लाइनवर कॉल टाकताना पॅटर्नमध्ये स्पष्ट लिहिलेले आकडे गिळून टाकतो आणि टिंबांच्या जागी आलेले तेवढे पुढे पाठवतो. म्हणून तर बाहेरच्या लाइनसाठी दाबलेला ० आपोआप गळून पडतो. एसटीडीच्या वाटेवर मात्र गिळलेला ० परत जोडावा लागतो. तो मी आठवणीने जोडला होता. का? एसटीडी लागला नाही तर टीम लीडर पाच मिनिटांत माझ्या डेस्कवर हजर! १०१ मध्ये टिंब एकही नाही. तिन्ही आकडे स्पष्ट, तिन्ही गडप. 'फॉरवर्ड-डिजिट्स ३' ही एक ओळ राहिली होती. आणि व्हीपींच्या फोनवरून सिंगापूरला टेस्ट कॉल करणाऱ्या मला १०१ लावून बघायचं काही सुचलं नव्हतं.

ओळ टाकली आणि खाली गेलो. काका खुर्चीत बसले होते. हाताला काळं लागलेलं, समोर चहा तसाच. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "साहेब, या फोनला परमिशनच नाय ना? मला म्हाईत होतं, पण घाईत लावला."

म्हणजे हा माणूस धुरात उभा राहूनही, आपण नको तो नंबर फिरवला म्हणून ओशाळला होता.

"परमिशन होती काका," मी म्हणालो. "चूक माझी झाली. मी लावून बघितलाच नव्हता."

ते नुसतेच बघत राहिले. मी रिसिव्हर त्यांच्यापुढे धरला. "आता लावा."

"आता कशाला? आग तर विझली."

"टेस्टिंग. मी बोलतो त्यांच्याशी."

त्यांनी हात पॅंटला पुसला आणि एकेक आकडा जपून दाबला. रिंग गेली. पलीकडून कुणीतरी "हॅलो, फायर ब्रिगेड" म्हणालं, तसा त्यांनी घाईघाईने रिसिव्हर माझ्या हातात कोंबला.

"लागला की ओ!"