मिठी खाडीच्या काठाला वाट हवी

सुरतच्या लिंबायतमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा, मिठी खाडी त्याला दोनच कारणांनी माहीत असते: उन्हाळ्यात वासामुळे आणि पावसाळ्यात धास्तीमुळे. सुरतचा पूर म्हटला की बाहेरगावच्या माणसाला तापी आठवते, उकाई धरण आठवतं, ऑगस्ट 2006 आठवतो. आमच्याकडचा पूर वेगळा. तो खाडीपूर. कामरेज, पलसाणा, चोऱ्यासी या तालुक्यांत जोराचा पाऊस झाला की ते पाणी शहरातल्या खाड्यांमधून मिंढोळा नदीकडे निघतं; समुद्राला भरती असली की ते पुढे सरकत नाही, आणि मग शहरातला पाऊस थांबला तरी घरात पाणी चढत राहतं. ऑगस्ट 2020, जुलै 2024, जून 2025 असे अगदी अलीकडचे पूर इथल्या लोकांना तोंडपाठ आहेत. हे सगळं इथे राहून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. मिठी खाडीच्या काठाने एक सलग वाट व्हायला हवी. पायी चालणारे, सायकलवाले, म्हातारी माणसं, मुलं, चाकाच्या खुर्चीतला माणूस अशा सगळ्यांना वापरता येईल अशी. फिरायला जागा मिळेल हा तिचा फायदा आहेच. पण माझा आग्रह दुसऱ्या कारणासाठी आहे: खाडीची रुंदी टिकवायचा याहून स्वस्त उपाय मला दिसत नाही.

असं का म्हणतो ते काठावर उभं राहिलं की कळतं. वर वेडी बाभूळ माजलेली, तिच्या काट्यांना प्लास्टिकच्या पिशव्या आणि साड्यांच्या कटिंगच्या रंगीत चिंध्या अडकलेल्या. खाली फुटक्या फरशा, विटांचे तुकडे, सिमेंटचा वाळलेला लगदा. त्याच्याही खाली जलपर्णी, आणि तिच्या पानांवर पाय तोलत उभी असलेली एखादी ढोकरी. या तीन थरांत खाडीचा सगळा इतिहास आहे. जिथे कुणी जात नाही तिथे रात्री टेम्पो येऊन घर पाडल्याचा राडारोडा टाकून जातो. राडारोडा सपाट झाला की त्यावर पत्र्याची शेड उभी राहते, शेडला भिंत येते, भिंतीला मीटर लागतो. दर वेळी खाडी हात-दोन हात आत सरकते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण काठ कुणाच्या रोजच्या रस्त्यावर नसतो. मग पाऊस येतो आणि पाणी आपली जागा मागतं. मुंबईच्या मिठी नदीचं हेच झालं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा त्या शहराला कळलं की आपल्या मधून नदी वाहते. त्यानंतर तिथे भिंती बांधल्या, गाळ काढला, पण नदीकाठ लोकांच्या रोजच्या वापरात आला नाही, आणि नदीची अवस्था अजूनही सांगण्यासारखी नाही. शहरातली मोकळी जागा फलक लावून किंवा कुंपण घालून मोकळी राहत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ जिथून माणसं जातात, तीच जागा मोकळी राहते, कारण तिथे पडलेला पहिला ढिगारा दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पायात येतो.

हे सुरतला जमणार नाही असं म्हणायला जागा नाही, कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला ते सुरू झालेलं आहे. अलथाण-भीमराडकडे, डॉ. हेडगेवार पुलापासून भीमराड-बमरोली पुलापर्यंत, 87 हेक्टरांहून अधिक जागेवर बायोडायव्हर्सिटी पार्कचं काम महापालिकेने हाती घेतलं. त्याची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते 29 सप्टेंबर 2022 रोजी झाली, आणि ती सभा आमच्या लिंबायतमध्येच भरली होती. खाडीकाठच्या जमिनीकडे झाडं, पक्षी आणि माणसांच्या पायवाटा यांची जागा म्हणून पाहायचं, हा त्यामागचा विचार मला शंभर टक्के मान्य आहे. तरी तो जसाच्या तसा उचलून इथे आणता येणार नाही. आमच्याकडे 87 हेक्टर नाहीत. गुजरातच्या 1976 सालच्या नगररचना कायद्यात टाउन प्लॅनिंग (टीपी) स्कीममधल्या जमिनीची ढोबळ वाटणी दिलेली आहे: रस्त्यांना 15 टक्के, बागा-मैदानं-मोकळ्या जागांना 5 टक्के. लिंबायतच्या जुन्या, दाट वस्त्या मात्र एकेक प्लॉट विकला जात वाढल्या. तिथे स्कीम कागदावर येईपर्यंत घरं आधीच उभी होती. अशा भागात मोठी बाग मागणं म्हणजे आकाशातला चंद्र मागणं. पण खाडी आहे. ती लांब आहे, अरुंद आहे, आणि तिला आजपर्यंत कुणी पूर्ण बुजवू शकलेलं नाही. बागेला चौकोनी जागा लागते, वाटेला पट्टी पुरते.

ती वाट कुणाची, हे आधी ठरवलं पाहिजे. धुळे, जळगाव, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेल्या माणसांनी हा भाग वसवला. आजही गल्लीत अहिराणी कानावर पडते आणि श्रावणात कानबाईची मिरवणूक निघते. इथला माणूस लूमच्या खात्यात, डाइंग मिलमध्ये, रिंग रोडच्या मार्केटमध्ये, हिऱ्याच्या कारखान्यात राबतो. बारा तासांची पाळी करून आलेल्याला 'जॉगिंग ट्रॅक' नको असतो. त्याला ट्रक आणि टेम्पोच्या चाकाखाली न येता सायकलने कामावर पोचायचं असतं, आणि त्याच्या आईला संध्याकाळी गुडघे मोकळे करायला सपाट जमीन हवी असते. या दोन गरजा एकाच पट्टीत बसवणं हे खरं नियोजन. अमेरिकेत पायी आणि सायकलने जाणाऱ्यांच्या सामायिक वाटेला निदान 10 फूट, म्हणजे साधारण 3 मीटर रुंदी धरतात. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसची 2012 सालची नियमावली नुसत्या पदपथाला निदान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगते. माझं म्हणणं असं की इथे वरची वाट साडेतीन मीटरांची असावी. जास्तीचा अर्धा मीटर पोकलेनसाठी. पावसाळ्याआधी खाडीतला गाळ आणि जलपर्णी काढायला यंत्र काठापर्यंत पोचावं लागतं, आणि आज अनेक ठिकाणी ते पोचतच नाही. जी वाट अकरा महिने माणसांची, तीच मे महिन्यात यंत्राची झाली, तर तिच्या खर्चाचा निम्मा हिशोब पूरनियंत्रणाच्या खात्यात मांडता येईल.

दुसरी गोष्ट मातीची. सुरतची काळी माती उन्हाळ्यात बोट जाईल इतकी भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते. ओल्या काठावर सायकल घातली की चिखल मडगार्डमध्ये असा गच्च बसतो की चाक फिरायचं थांबतं. उतरून काडीने खरवडल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. या मातीवर सरळ काँक्रीट ओतलं तर ते वर्षा-दोन वर्षांत तडकतं. पेव्हर ब्लॉक त्याहून वाईट, कारण पुराचं पाणी खालची वाळू ओढून नेतं आणि ब्लॉक दातांसारखे हलू लागतात. म्हणून वरची काळी माती काढून मुरूम भरावा, तो थराथराने दाबावा, वर खडीचा थर द्यावा आणि पृष्ठभागाला खाडीच्या बाजूला दोन टक्के उतार ठेवावा. साडेतीन मीटरांत तो जेमतेम सात सेंटिमीटर होतो. पायाला जाणवत नाही, पण पाणी साचत नाही. काठाला वाळा लावावा, त्याची मुळं खोल जाऊन माती धरून ठेवतात. आणि खाडीच्या बाजूला भरीव भिंत किंवा जाळीचं कुंपण अजिबात घालू नये. पुरात जलपर्णी त्याला अडकते आणि कुंपणाचा बांध होतो.

इथेच सर्वांत मोठा आक्षेप येतो: जी जागा बुडते तिथे पैसे कशाला घालायचे? उत्तर असं की वाट बुडेल हे धरूनच ती बांधायची. दोन पातळ्या करायच्या. वर, काठाच्या माथ्यावर, सायकली आणि चाकाच्या खुर्च्यांसाठी रुंद वाट. खाली, पाण्याजवळ, एक अरुंद पायवाट, जी दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणार आणि पाणी ओसरल्यावर झाडून पुन्हा वापरात येणार. जलद जाणारे वर, रमतगमत जाणारे खाली. भांडणाचं मूळ तिथेच निम्मं मिटतं. दोन्ही पातळ्यांना जोडणारा चढ बारास एक. दिव्यांच्या पेट्या पुराच्या जुन्या खुणांच्या वर. जागोजागी मीटरच्या खुणा रंगवलेले खांब, म्हणजे पाणी किती चढलं ते वस्तीतल्या माणसाला निरोपाची वाट न पाहता डोळ्यांनी दिसेल. बुडणारी वाट पाच दिवस बंद राहिली तर बिघडत नाही. बुडणारं घर पाच दिवसांत माणसाला वर्षभर मागे नेतं. खाडीला पसरायला जागा हवी असेल, तर तिथे वाट असणं हे घर किंवा गोदाम असण्यापेक्षा केव्हाही बरं.

दुसरा आक्षेप मी गल्लीत रोज ऐकतो आणि त्याच्यामागचा त्रास मला ठाऊक आहे: खाडी बॉक्स करून टाका, वर स्लॅब घाला, वास आणि डास दोन्ही जातील. ज्याच्या खिडकीखाली खाडी आहे त्याने हे म्हणणं साहजिक आहे. पण बंद नाल्याची क्षमता एकदा काँक्रीट ओतलं की ठरली. पाऊस वाढला म्हणून ती वाढत नाही, आणि आत बसलेला गाळ दिसतही नाही, काढायला यंत्रही जात नाही. दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये चंग्येचॉन नावाचा ओढा असाच झाकून त्यावर रस्ता आणि उड्डाणमार्ग उभारला होता. 2003 साली तो मार्ग पाडायला घेतला आणि 2005 साली साधारण पावणेसहा किलोमीटर ओढा पुन्हा उघडा झाला. पाण्याशेजारी पायवाटा आहेत, आणि जोराचा पाऊस आला की त्या बंद करतात. तिथलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणलेलं आहे आणि तो खर्च आपल्याला परवडणार नाही, हे खरं. पण मोठ्या शहराने झाकलेला ओढा उघडला आणि लोक तिथे गेले, एवढा पुरावा मला पुरतो. वासावरचा उपाय स्लॅब हा नाहीच. खाडीत उघडी पडणारी गटारं आधी ड्रेनेजच्या लाइनला जोडणं हा उपाय आहे, आणि वाटेचं काम त्याच्यानंतरच सुरू व्हावं. हा क्रम चुकला तर वाट ओस पडेल आणि तिला विरोध करणारे खरे ठरतील.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. काठावर माणसं राहतात. अहमदाबादला साबरमती रिव्हरफ्रंटसाठी हजारो कुटुंबं नदीकाठावरून हलवली गेली, त्यांतली कितीतरी शहराच्या कडेला, कामापासून लांब फेकली गेली. लिंबायतमध्ये तसं होणार असेल तर मला ही वाट नको. म्हणून अट स्पष्ट हवी: वाटेसाठी एकही राहतं घर पाडायचं नाही. जिथे घरं अगदी काठाला आहेत तिथे वाट पलीकडच्या तीरावरून न्यावी, मध्ये साधा पादचारी पूल टाकावा. जी घरं दर पुरात बुडतात त्यांना याच भागात पक्कं घर मिळणं हा त्यांचा वेगळा हक्क आहे. तो वाटेच्या आराखड्यात मिसळू नये, नाहीतर सुशोभीकरणाच्या नावाखाली हकालपट्टी होते. राडारोड्यावर उभी राहिलेली रिकामी गोदामं आणि पार्किंग यांच्याबाबत मात्र मला दयामाया नाही.

मोटरसायकलींचं काय, असंही विचारतात. चाकाची खुर्ची जिथून जाईल तिथून स्कूटरही जाईल. फक्त स्कूटरलाच अडवणारा खांब अजून कुणी बनवलेला नाही. प्रवेशाशी घट्ट वळण, सुरुवातीची काही वर्षं पहारेकरी, आणि दोन सिग्नलमधला शॉर्टकट होणार नाही अशी आखणी, एवढंच करता येतं. बायकांच्या सुरक्षिततेसाठी दर दोन-तीनशे मीटरांवर वस्तीत निघणारी वाट हवी आणि बाभळीची जाळी डोक्याच्या उंचीपर्यंत साफ हवी. दिवे खाली झुकलेले असावेत. पाण्यावर रात्रभर झोत टाकला तर ढोकऱ्या आणि शेकाटे निघून जातील. देखभाल होणार नाही म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की 1994 च्या प्लेगने देशभर बदनाम झालेलं हेच शहर 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या जोडीने पहिलं आलं. झाडणारी यंत्रणा सुरतकडे आहे. ती खाडीकाठी पोचायला रस्ता नाही.

महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मांडलं जातं. त्याआधी आपल्या वॉर्डच्या नगरसेवकाला आणि लिंबायत झोनच्या कार्यालयाला, मराठीत किंवा गुजरातीत, लेखी अर्ज द्या: दोन पुलांमधल्या एका किलोमीटरपासून सुरुवात करा, गटारं आधी जोडा, घर एकही पाडू नका, आणि वाटेचा नकाशा कामाच्या आधी वस्तीत लावा. सोसायटीच्या बैठकीत या अर्जावर सह्या घ्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.