तामलवाडी ते तुळजापूर: चढावर तापणाऱ्या इंजिनाचे निदान

सोलापूरहून तुळजापूरमार्गे धाराशिवकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 हा दख्खनच्या पठाराच्या एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर चढत जाणारा रस्ता आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटर उंचीवरील सोलापूर आणि जवळपास 650 मीटर उंचीवरील तुळजापूर यांच्यातील अंतर सुमारे 45 किलोमीटरचे असले, तरी उंचीतील वाढ या अंतरावर सारखी विभागलेली नसून तिचा बराचसा भाग तुळजापूरच्या अलीकडच्या घाटात एकवटलेला आहे. याचे कारण खडकात आहे. लाव्हारसाचे जवळजवळ आडवे थर एकावर एक साचून हा बेसाल्टचा प्रदेश घडला असल्यामुळे येथे दूरवर सपाट माळ लागतो आणि त्यानंतर बालाघाटाच्या रांगेची कड एकदम समोर उभी राहते. सपाटीवर निर्धोक चालणारे वाहन चढावर का तापते, या प्रश्नाचा अभ्यास करण्यास असा रस्ता विशेष सोयीचा ठरतो, कारण त्याचा प्रत्येक टप्पा शीतनव्यवस्थेच्या वेगळ्या भागाची परीक्षा घेतो.

येथे वर्णिलेला प्रवास उन्हाळ्याच्या दिवसांत, माणसे आणि सामान धरून सुमारे 1500 किलो वजन भरणाऱ्या एका जुन्या पेट्रोल मोटारीतून झाला आणि तिच्या मालकासोबत एक अनुभवी मेकॅनिकही होता. सपाट रस्त्यावर आणि शहराच्या गर्दीत मोटार ठीक चालते, मात्र घाट लागला की तापमानाचा काटा वर सरकतो, अशी मालकाची तक्रार होती. सोलापूर सोडल्यावर एकोणिसाव्या शतकात बांधलेला एकरुखचा तलाव आणि पुढे उळे, कासेगाव ही गावे मागे टाकीत मोटार धाराशिव जिल्ह्यातील तामलवाडीत पोहोचली, आणि तपासणीची पहिली पायरी तेथेच, टोलनाक्यापलीकडे रस्त्याच्या कडेला पार पडली.

उभ्या मोटारीचे इंजिन चालू ठेवले असता रेडिएटरवर, म्हणजे इंजिनातून आलेले गरम पाणी अरुंद नळ्यांतून फिरवून वाऱ्याने थंड करणाऱ्या जाळीवर, समोरून वारा येत नाही आणि सारी भिस्त विजेच्या पंख्यावर राहते. मेकॅनिकने मोटारीच्या निदान-सॉकेटला स्कॅनर जोडून पाण्याचे प्रत्यक्ष तापमान वाचले. अनेक आधुनिक मोटारींतील काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर राहील असा जुळवलेला असतो आणि तो हलेपर्यंत तापमान बरेच चढून गेलेले असते, म्हणून हे आवश्यक होते. तापमान 98 अंश सेल्सिअसला पोहोचताच पंखा सुरू झाला, थोड्याच वेळात ते खाली आले आणि पंखा थांबला. पंखा, त्याचा रिले आणि तापमान मोजणारा सेन्सर हे तीन संशयित येथेच निर्दोष ठरले.

तामलवाडीहून निघाल्यावर ज्वारी, सोयाबीन आणि द्राक्षांच्या या पट्ट्यातून माळुंब्र्याच्या दिशेने ताशी 80 किलोमीटर वेगाने जाताना तापमान 90 ते 92 अंशांवर स्थिर राहिले. इंजिन पुरेसे तापल्यावरच पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करून देणारी मेणाच्या गोळीवर चालणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, उघडत असल्याची आणि वॉटर पंप पाणी फिरवीत असल्याची खात्री या टप्प्याने दिली. तरीही रेडिएटर पूर्ण क्षमतेने काम करतो, असे यावरून सिद्ध होत नव्हते, आणि त्याचे कारण थोड्या गणिताने स्पष्ट होते.

या वजनाच्या मोटारीला सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाण्यासाठी चाकांवर साधारण अडीच किलोवॅट शक्ती पुरते. पण त्याच वेगाने 5 टक्के चढ, म्हणजे 20 मीटर अंतरात 1 मीटर उंची, चढायचा असल्यास वजन वर उचलण्यासाठीच आणखी सुमारे 8 किलोवॅट लागतात आणि एकूण गरज चौपटीवर जाते. ढोबळ मानाने इंधनातील ऊर्जेचा एक तृतीयांश भाग उपयुक्त कामात, एक तृतीयांश धुरावाटे आणि जवळपास तेवढाच शीतनव्यवस्थेवाटे जात असल्यामुळे शक्तीची गरज वाढली की पाण्यात उतरणारी उष्णताही वाढते. सपाटीवर ताशी 80 किलोमीटर वेगाने जातानाही साधारण तेवढीच शक्ती लागते. मात्र तेथे रेडिएटरवर येणारा वारा घाटातल्यापेक्षा दुपटीने वेगवान असतो. उष्णता तेवढीच आणि वारा निम्मा, ही घाटाची खरी अडचण आहे. त्यात एप्रिल-मे महिन्यांत या भागातील हवा 40 अंशांच्या पुढे तापलेली असते, आणि वातानुकूलन चालू असेल तर त्याच्या कंडेन्सरने टाकलेली उष्णताही रेडिएटरवरच येते.

सिंदफळ मागे पडल्यावर घाट सुरू झाला. वातानुकूलन चालू ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 40 किलोमीटरच्या आसपास चढताना तापमान 96, मग 101, मग 106 अंश असे वाढत गेले आणि पंखा अखंड फिरत असूनही ते थांबेना. तेव्हा वातानुकूलन बंद करून दुसरा गिअर टाकण्यात आला आणि वेग ताशी 30 किलोमीटरवर आणला गेला, ज्यामुळे शक्तीची गरज घटली आणि इंजिनाचे फेरे वाढून पंपाचा प्रवाह जोर धरू लागला. आतील हीटर पूर्ण उघडल्यावर, तोही एक छोटा रेडिएटरच असल्यामुळे, वाढ थांबून तापमान सावकाश उतरू लागले. यंत्रणा बंद पडलेली नसून तिची क्षमता घटली आहे, हा निष्कर्ष येथे निश्चित झाला.

चढ संपल्यावर रुंद जागा पाहून मोटार थांबवली आणि पाणी गळालेले नसल्याची खात्री करून इंजिन दोन-तीन मिनिटे संथ चालू ठेवून मग बंद केले. यानंतरचा पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरील सिलिंडर हेड यांच्यातील जोड सीलबंद ठेवणाऱ्या पत्र्यावर होता, कारण त्यातून होणारी सूक्ष्म गळती पुष्कळदा सिलिंडरमधील दाब वाढल्यावर, म्हणजे चढावरच, प्रकट होते. परंतु पाण्याच्या टाकीत बुडबुडे नव्हते, तेलावर दुधाळ साय नव्हती, आणि धुरातील कार्बन डायऑक्साइडने निळ्याचा पिवळा होणारा चाचणीचा द्रव निळाच राहिला. पंपाच्या ओढीने खालचा होज पाइप चपटा होऊन प्रवाह अडतो का, हेही इंजिनाचे फेरे वाढवून पाहण्यात आले. तो आपला आकार टिकवून होता. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ व भुसा होता, पण मागून टाकलेला विजेरीचा प्रकाश जाळीतून पुढे दिसत होता.

निर्णायक पुरावा इन्फ्रारेड तापमापकाने दिला. चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमवर हे उपकरण फसवे आकडे दाखवते, म्हणून मेकॅनिकने जाळीवर ठिकठिकाणी काळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावून मोजणी केली, तेव्हा जाळीचा एका बाजूचा पट्टा शेजारच्या भागापेक्षा स्पष्टपणे थंड आढळला, म्हणजे तेथील नळ्यांतून गरम पाणी वाहतच नव्हते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचे झाकण उघडले असता तोंडाशी पांढुरका क्षार जमलेला होता, झाकणाचे रबर कडक पडले होते, आणि हातपंपाच्या साहाय्याने तपासता ते ठरलेला दाब धरीत नव्हते.

या झाकणाचे महत्त्व क्वचितच लक्षात घेतले जाते. तुळजापूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे 98 अंशांवर उकळते; पण झाकणाने साधारण 1 बार अधिक दाब राखला, तर उत्कलनबिंदू 120 अंशांच्या आसपास जातो आणि कूलंटमधील ग्लायकोल तो आणखी वर नेतो. झाकण दाब धरीत नसल्यामुळे या मोटारीतील पाणी प्रत्येक चढावर थोडे थोडे बाहेर जात होते आणि मालक ती तूट वेळोवेळी विंधनविहिरीच्या पाण्याने भरून काढीत होता. बेसाल्टच्या भेगांतून मुरणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणते, आणि ते तापले की विरघळलेल्या बायकार्बोनेटचे न विरघळणाऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर होऊन त्याचा थर नळ्यांत बसतो. अशा रीतीने सदोष झाकणामुळे पाणी घटले, भरीच्या पाण्याने क्षार आणला, क्षाराने नळ्या बुजल्या, बुजलेल्या नळ्यांमुळे चढावर तापमान वाढले आणि त्या तापमानाने पुन्हा पाणी बाहेर घालवले. ज्या खडकाने घाटाचा चढ घडवला, त्याच खडकातील पाण्याने तो चढण्याची मोटारीची क्षमता हिरावून घेतली होती.

जुन्या तांबे-पितळेच्या रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवता येत असे. प्लास्टिकच्या टाक्या आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी असलेल्या आजच्या रेडिएटरला हा उपाय सहसा मानवत नाही. म्हणून सोलापुरात परतल्यावर इंजिनातील पाण्याचे मार्ग धुऊन रेडिएटर आणि झाकण दोन्ही बदलण्यात आले, आणि ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट समप्रमाणात भरण्यात आले. त्यानंतर तेवढेच वजन घेऊन, दुपारच्या त्याच सुमारास, वातानुकूलन चालू ठेवून हीच वाट पुन्हा चालण्यात आली, तेव्हा घाटात तापमान 97 अंशांवर जाऊन तेथेच स्थिरावले. निदानाची खरी कसोटी अशा समान परिस्थितीतील पुनर्परीक्षणातच असते.

तापणाऱ्या मोटारीतून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा जो सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, त्याने या मोटारीचे नुकसानच झाले असते. थर्मोस्टॅटविना सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा थंड राहून इंधन अधिक जळते, आणि ज्या इंजिनांत हीच झडप पाण्याची आडवाटही बंद करते, तेथे गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनात शिरतो. तितकेच घातक म्हणजे इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडणे किंवा त्यात थंड पाणी ओतणे. पहिल्याने माणूस भाजतो आणि दुसऱ्याने धातूला तडा जातो. पाणी पूर्ण निघून गेल्यावर सेन्सर कोरडा पडून तापमान कमी दाखवू शकतो, म्हणून काटा अचानक खाली आला तर तो दिलासा न मानता इंजिन तत्काळ बंद करावे.

हाच महामार्ग पुढे येडशी आणि येरमाळ्यावरून बीडच्या अलीकडे मांजरसुंब्याच्या घाटात, आणि छत्रपती संभाजीनगर ओलांडल्यावर चाळीसगावकडे उतरणाऱ्या औट्रम घाटात जातो. शिवाय नवरात्रात भाविकांची वाहने तुळजापूरचा घाट रांगेत, कासवगतीने चढतात, आणि तेव्हा चढाचा भार व वाऱ्याचा अभाव ही दोन्ही संकटे एकत्र येतात. अशा वाटांवर निघण्यापूर्वी इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण तपासणे, पाण्याची पातळी पाहणे आणि ती घटत असल्यास केवळ भर न घालता घटीचे कारण शोधणे, ही तीन कामे प्रत्येक वाहनधारकाने स्वतः केली पाहिजेत. चढावर दिसणारा बिघाड बहुधा सपाटीवरच तयार झालेला असतो, आणि तो सपाटीवर असतानाच स्वस्तात दुरुस्त होतो.